हसाजीची सुनेची पोथी

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा हसाजी झिराडकर कोकणातून अकोल्याच्या बाजारात तोलारी करायला आला. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा यहुदी. शनिवार त्याच्या धर्मात विसाव्याचा, म्हणून त्या दिवशी तो काट्याला हात लावत नसे. आपल्या धर्माच्या मराठी पोथ्या वाचत बाजाराच्या कडेला एकटाच बसे. कुणीतरी ऐकावं, एवढीच त्याची आस.

"भाऊ, यातलं आमाले समजंन असं कोनतं?" एका शनिवारी बाजारात आलेल्या, कापूस वेचणाऱ्या दुर्गाबाईनं विचारलं.

राजांच्या लढाया बाजूला सारून त्यानं विधवा सुनेची पोथी उघडली. सासूला पोसायला सून परक्या शेतात सांडलेल्या कणसांचा सरवा वेचते, इथवर वाचलं.

"हे त आपल्याच वावरातलं व्हय! कौशल्ये, ये वं, सुनेनं आयकावं असं हाय." दुर्गाबाईनं आपल्या सुनेला हाक मारली.

"सासूनंबी आयकावं," म्हणत कौशल्या हसत टेकली. मागोमाग कापूस वेचणाऱ्या बाकीच्या बाया आल्या.

हसाजीनं घसा खाकरला आणि हरखून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.