यानाचा आवाज

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझा मित्र एका छोट्या विज्ञानपटाची जुळवाजुळव करत होतो. अंतराळयानात एकटा उरलेला मुलगा आणि त्याच्या जिवावर उठलेला यानाचा कॉम्प्युटर, एवढीच गोष्ट. मुलाचं काम मित्रच करणार होता. कॉम्प्युटरला बाईचा थंड आवाज हवा होता. माझा ऐकून तो म्हणाला, "यार, तू स्टेशनवरची अनाउन्समेंट करतेयस."

म्हणून त्याच्या घाटकोपरच्या घरी, पंखा बंद करून, आम्ही त्याच्या आईसमोर मोबाईल धरला. काकूंनी कागद वाचला आणि विचारलं, "हा पोरगा एकटाच आहे तिथे?"

मी हो म्हटलं. त्यांनी घसा साफ केला. "ऑक्सिजन संपत आलाय. घाबरू नको हां, बाळा."

"आई, तू कॉम्प्युटर आहेस! बाळा काय?"

"अरे, एकटं पोर ना ते!"

पुन्हा घेतलं, पुन्हा बाळा आलंच. मित्र इअरफोन लावून ऐकत राहिला. मग मला म्हणाला, "वाट लागली. ही कोणाला मारूच शकत नाही गं."

तिथेच फरशीवर बसून आम्ही शेवट बदलला. आता कॉम्प्युटर स्वतःची वीज मुलाला देतो आणि कायमचा बंद पडतो. काकूंना वाचून दाखवलं.

"मग ती बाई तिथेच राहिली?"

मित्र इअरफोनची वायर गुंडाळू लागला. मीच मान डोलावली.

"चालेल," काकू म्हणाल्या, "पोर घरी पोचलं ना."