दुसरा कान

शिमोनदादांकडे कोणी सल्ला मागायला गेलं, की ते आधी स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारायचे. "रूथ, हातातलं ठेव, ये. एकट्याचा कान फितूर असतो." रूथ पिठाच्या हातांनी येऊन बसायची. मग दादा म्हणायचे, "हं, बोल."

सिल्वासात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या ख्रिस्ती मंडळीत ते वडील. त्यांचं जन्मगाव दुधनीकडे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. मी नवापूरकडचा, चार बुकं शिकलेला, सुताच्या कारखान्यात जन्म घालवलेला. मी तोंडावर म्हणालो होतो, "दादा, तुम्ही सुनेला विचारून पाणी पिता." ते हसले. "पितो. तू कोणाला विचारतोस?"

माझी बायको सालोमी गेली. तिला मातीत ठेवून आलो आणि खोली खायला उठली. एका दुपारी बसने दुधनीला गेलो, धरणाकाठी बसलो. वारा नव्हता. पाण्यातून तिचा आवाज आला, "याकोब, ये." तिचाच. बोलताना शेवटी तिला दम लागायचा, तोसुद्धा. दुसऱ्या दुपारी परत आला. तिसऱ्या दुपारी मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. कधी उतरलो, आठवत नाही.

ओल्या पँटीने दादांकडे गेलो. विचारायला नाही, सांगायला. "बायको बोलावतेय. उद्या जाणार."

दादांनी रूथला हाक मारली. मी भडकलो. "तिचं काय काम?"

"बस रे. मलाही ते खरंच वाटतंय. म्हणून तर तिला बोलावलं."

रूथने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "काका, काकी तुम्हाला नावाने हाक मारायच्या?"

चाळीस वर्षांत सालोमीने माझं नाव घेतलं नव्हतं. "अवो" म्हणायची. फारच रागावली तर "अवो बहिरे".

दादांनी माझ्या ओल्या पँटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ज्याला तुझं नाव ठाऊक, पण तुझं घर ठाऊक नाही, त्याच्याकडे जाऊ नको. दुधनीला पाय टाकायचा नाही. रोज इथे जेवायचं."

"तुम्हाला काय माहीत तिकडे काय आहे?"

"मलाही बोलावतं. आमच्या गुरांच्या आवाजात, आईच्या आवाजात. मी रूथला विचारतो. ती नको म्हणते."

तोंड वाकडं करून मी ऐकलं.

गेल्या उन्हाळ्यात रूथ माहेरी खानवेलला गेली. दादा भरदुपारी दुकान बंद करून निघाले. मी दोन गल्ल्या पलीकडे होतो, मला विचारलं नाही. धरणाचं पाणी उतरलं होतं, जुन्या घरांची जोती उघडी पडली होती. एका जोत्यावर त्यांच्या चपला सापडल्या, नीट जोडून ठेवलेल्या. नंतर पाण्यात ते सापडले. लोक म्हणतात, तोल गेला. तोल जाणारा चपला जोडून ठेवत नाही.

मला त्यांचा राग येतो. विचारलं असतं तर मी फक्त "नका जाऊ" म्हणालो असतो. तेवढं पुरलं असतं.

आता नळाखाली ड्रम भरताना मला दोन आवाज येतात. दादांचा जास्त ओढतो. कालही आला. गुडघे टेकून प्रार्थना केली, तरी थांबेना. उठून रूथकडे गेलो, सगळं सांगितलं. तिचे डोळे भरले, पण आवाज कापला नाही.

"नाही जायचं, काका. जेवा."

तिच्यासमोर बसून ताट संपवलं.