गफूरचाचांचं लिंबू आणि माझं मोरचूद

उमरग्यात माझं शेतीऔषधांचं दुकान हाय. गिऱ्हाईक औषध घेऊन जातं अन् चार दिवसांनी किस्सा घेऊन परत येतं. माल संपतो, किस्से काय संपत न्हाईत! त्यातले निम्मे आमच्या गल्लीतल्या दोघांचेच. एक गफूरचाचा, रिटायर उर्दू मास्तर. दुसरे त्यांचे शेजारी शिवलिंगअप्पा, किराणावाले.

चाचांच्या अंगणात लिंबाचं झाड हाय. पोरीनं, नसरीननं, लग्नाआधी लावलेलं. यंदा खोडातून डिंक गळायला लागला. तिकडं सोलापूरहून नसरीनचा फोन, "अब्बा, ईदला येतेय. माझ्या झाडाची लिंबं घेऊनच जाणार!" चाचांच्या तोंडचं पाणीच पळालं.

*

म्या निळं मोरचूद अन् चुना दिला. दोन्ही पाण्यात कालवून बुरशीवरचं बोर्डो मिश्रण कसं करायचं ते सांगितलं. "प्लॅस्टिकची बादली घ्या चाचा, पत्रा चालत न्हाय."

दोन दिवसांनी चाचा पत्र्याचा डबा घेऊन हजर. मोरचुदानं बूड खाल्लेलं!

"बादली सांगितली व्हती की!"

"बादली नवी होती हो. खराब झाली असती."

*

मग फवारणी. चष्मा, मास्क, हातमोजे, सगळं दिलं. संध्याकाळी चाचा आले तर पांढरी दाढी निळसर! मास्क हनुवटीखाली.

"वारा कुठून येतोय बघितलं का?"

"बघितलं की. समोरून येत होता. लई बरं वाटत होतं."

आधी साबणानं तोंड धुवायला लावलं.

*

अप्पांच्या गुलाबावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडली. गंधक दिलं अन् बजावलं, "सकाळच्या गारव्यात मारा." अप्पांनी मारलं भर दुपारी, एप्रिलच्या उन्हात. पानं करपली. वर माझ्यावरच चिडले!

"मी उभा ऱ्हायलो की उन्हात! मग झाडाला काय धाड भरली?"

*

एकदा मात्र माझं डोकंच फिरलं. चाचांनी उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलेलं. निळंशार, सरबतावानी. अन् घरात चाचांच्या लेकाची चार वर्षांची पोर!

"घाबरू नका, वर 'जहर' लिहिलंय," चाचा म्हणाले. बघितलं तर सुरेख उर्दूत.

"घरात उर्दू कोण वाचतं?"

चाचा म्हणाले, "मीच."

मोठ्या माणसाला लई बोललो त्या दिवशी. नंतर वाईट वाटलं, पण ती बाटली अन् ती चिमुरडी नात आठवली की अजून काटा येतो.

*

डिंक खरवडून खोडाला बोर्डोचा लेप लावला, अन् झाड सावरलं. पालवी आली, लिंबं धरली. खुशीच्या भरात चाचांनी ईदच्या आदल्या दिवशी अजून एक फवारा मारला!

"आता आठ दिवस फळ तोडायचं न्हाय," म्या सांगितलं.

चाचांचं तोंड एवढंसं झालं. "नसरीन चारच दिवस राहणार हो. धुऊन दिली तर?"

"न्हाय म्हणजे न्हाय."

चाचा उठले. बाजारातून किलोभर लिंबं घेतली, अप्पांच्या दुकानातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, अन् घरी गेले.

चौथ्या दिवशी नसरीन चाचांच्या स्कूटरवरून स्टँडवर जाताना दुकानात आली. हातात लिंबांची पिशवी. "अब्बांनी झाडाला हात लावू दिला नाही. स्वतः शिडीवर चढून तोडून दिली," म्हणाली. मग हळूच विचारलं, "काका, तुमच्या औषधानं लिंबाला दोरा पण फुटतो का?"

म्या बाहेर बघितलं. चाचा लई खुशीत स्कूटर पुसत होते.

म्या म्हणलं, "जरा जास्त झालं की फुटतो, पोरी."