बोराएवढी गाठ आणि मशिनीचा फोटो

आमच्या घरात दुखणं एक आलं की किस्से पाच येतात. हे दुखणं सुरू झालं सकाळी सव्वासहाला. मी म्हशीची धार काढत होते, आणि न्हाणीतून ह्यांची हाक, "अगं, इकडं ये! एकटीच ये!"

अवघड जागी, अंडाच्या पिशवीत, बोराएवढी गाठ. "कधीपासून?" तर म्हणे, "दिवाळीपासून." आणि आता होळी आली! माझी मुलगी अजून मांडीवरची. कॅन्सर असला तर मी कुठं जायचं?

*

सासूबाईंनी ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधला. गाठ कुठं, दोरा कुठं! गाठ जाईना, तर मलाच म्हणतात, "तू रोज इचारतीस, म्हून गुण येईना!"

*

मंचरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं आणि सोनोग्राफी सांगितली. हे उठूनच उभे! "ती बायांची असती. माझ्या पोटात काय हाय?"

"पोट नाही हो, गाठच बघायचीय."

"मग तर नायच!"

*

शेवटी मुलीची शपथ घालून नेलं. बाकावर सगळ्या पोटुशी बाया, घटाघटा पाणी पीत बसलेल्या. ह्यांनीही माठ जवळ केला. नंबर येईपर्यंत ह्यांना बसवेना की उभं राहवेना.

"तुम्हाला पाणी कुणी प्यायला सांगितलं?" आतले डॉक्टर ओरडले.

"समद्याच पीत व्हत्या की!"

मी बाहेर मुलीला घट्ट धरून बसलेले. मग मला आत बोलावलं. "साधी पाण्याची गाठ आहे. कॅन्सर नाही. वाढली, दुखली तर या." मला रडूच फुटलं. तर हे म्हणतात, "मी म्हनलंच व्हतं, काय न्हाई म्हून!" कधी म्हणाले होते, देव जाणे!

*

गावात, अवसरीत, बातमी आमच्या आधी पोचली. चुलत दीर बबनभाऊ पारावरून चारचौघांत ओरडले, "काय राव, कितवा महिना?" लाजेनं ह्यांनी पारावर जाणंच सोडलं.

मग एकदा भर दुपारी, हे मळ्यात असताना, तेच बबनभाऊ मागच्या दारी. चपला हातात.

"वहिनी, दादाचा त्यो मशिनीचा फोटो द्या की. उद्या डॉक्टरला दाखवून लगी आणून देतो."

"कशाला?"

"माझं बी तसंच हाय. त्योच दाखवतो, म्हंजे मला चड्डी सोडाय नको!"

तर बायांनो, आपापल्या घरी सांगा आणि पारावरही निरोप धाडा: फोटो उसना मिळत नाही. ज्याचा त्यानं काढायचा!