दाजींचा यिर्मया

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी काष्टीच्या बाजारात शेळी बघत होतो. निरोप्या नुसतं "मास्तर..." म्हणाला आणि शेळीची दोरी माझ्या हातून सुटली. त्याला आता सहा आठवडे झाले.

शमुवेल मास्तर माझ्या आक्काचे यजमान. मिरजगावच्या बाजूला आमच्या गावच्या ख्रिस्तमंदिरात उपदेशक होते. पण खरे कीर्तनकार. आवडतं आख्यान यिर्मयाचं. खरं बोलला म्हणून बायबलातल्या या संदेष्ट्याला चार स्वकीय सरदारांनीच चिखलाच्या विहिरीत टाकलं. वर काढलं राजवाड्यातल्या परदेशी चाकरानं. पुढं शहर पडलं, तेव्हा शत्रूच्या राजानंच हुकूम दिला, याच्या केसाला धक्का लावू नका. "देव राखतो; पर कुनाच्या हातानं, ह्ये आपुन ठरवायचं न्हाई," दाजी सांगायचे. त्या चार सरदारांची नावं चिपळ्यांच्या ठेक्यावर अशी घ्यायचे की पोरं खिदळायची.

दुष्काळात ख्रिस्ती मंडळीसाठी बाहेरून गहू आला. दाजींनी तो दारात येईल त्याला वाटला. मंडळीच्या आम्ही पंचांनी जाब विचारला, तर मला म्हणाले, "सुधाकर, गहू काय जात इचारून उगवलाय व्हय?" झालं! त्यांना कामावरून काढायचं, खोली रिकामी करून घ्यायची, असं ठरलं. हात वर करायला सांगितले... मीही केला. सख्ख्या बहिणीच्या संसारावर! बाकीच्या पंचांना भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

त्यांना थारा दिला तो नालाबांधाच्या दुष्काळी कामावरच्या ओव्हरसियरनं. मुसलमान गृहस्थ, मुलूख विदर्भाकडचा, गावात ओळखपाळख नाही. "मास्तर, मजुरांची मुलं उन्हात फिरतात, त्यांना शिकवा," म्हणत त्यांनी आपल्या तंबूशेजारी तंबू दिला. दुष्काळ सरेपर्यंत आक्काची चूल तिथंच पेटली.

पुढं ख्रिस्तमंदिरात नवे पाळक आले आणि त्यांनी दाजींना मानानं परत आणलं. त्या नाताळात दुपारी दाजी कीर्तनाला उभे राहिले. आख्यान तेच. आम्ही पंच पुढच्या रांगेत, माना खाली घालून. आख्यान विहिरीपाशी आलं. आता नावं येणार, सगळं गाव आमच्याकडं बघणार. दाजींनी चिपळ्या थांबवल्या...

"कुनी टाकलं त्ये जाऊ द्या," ते म्हणाले. "वर कसा आला, त्ये ऐका."

माफी आज मागू, उद्या मागू म्हणता राहूनच गेली. परवा आक्कानं त्यांची कीर्तनाची वही माझ्यापुढं ठेवली. यिर्मयाच्या पानावर चारही नावांवर काट मारलेली. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "सुधाकर समोर बसतो."