ओतेनी, ये गं घरी

वार्दोच्या हातच्या अक्रोडाच्या माळा अलाझानी नदीच्या साऱ्या खोऱ्यात नावाजलेल्या. दोऱ्यात ओवलेले अक्रोड दाट आटवलेल्या द्राक्षरसात बुडवायचे आणि दांडीवर वाळत घालायचे, हे तिनं चाळीस सुग्या केलं. हात चालू असताना आजीची अंगाई आपसूक ओठांवर यायची: ‘ओतेनी, ये गं घरी, दार उघडंच आहे.’

आजी एफेमिया सरहद्दीपलीकडच्या वार्ताशेन गावची. मारकाटीच्या धामधुमीच्या वर्षी उदी या छोट्याशा जमातीची काही घरं एकेका गाडीत मावेल तेवढा संसार घेऊन इकडे आली, त्यांतली. वार्दोला उदी भाषा आजीच्या मांडीवरच मिळाली. शाळेत जॉर्जियन आली, पण रागावताना मात्र उदीच.

त्या सुगीत राजधानी तिबिलिसीहून तमाझ नावाचे संशोधक आले. पलीकडच्या एका प्राचीन प्रांताच्या नावावरून विद्वानांत जुंपली होती. कुणी उती म्हणे, कुणी उतिक. ग्रीक लोक ओतेनी लिहून गेलेले. तिथले मूळ रहिवासी कोण, यावर तर हमरीतुमरी. वार्दोची अंगाई ऐकली आणि तमाझ खुर्चीवरून उठलेच.

“मावशी, हे तर हरवलेल्या देशाला घातलेलं साकडं आहे! लोकांच्या तोंडी हे नाव अजून जिवंत आहे, असं मी लिहितो. फक्त सही करा.”

सरपंच ओमारी शेजारीच उभा होता. “कर गं मावशी. हे छापून आलं की गावाला संग्रहालय मिळेल, रस्ता मिळेल. नाहीतरी त्या माळा विकायला तुला खड्ड्यांतूनच जावं लागतं ना?”

तमाझनी लिहून पुढे केलेला कागद वार्दोनं हातात घेतला. खरं काय ते तिला ठाऊक होतं. सहा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, “आजी, ओतेनी कोण?” आजीनं तोंड फिरवून डोक्याच्या रुमालानं डोळे पुसले होते. मग सांगितलं होतं. ते कुणाला सांगावं तर गाव हसेल, आजीला हसेल. सही करावी, तर आजीच्या रडण्यावर भलतंच नाव चढेल.

“ओतेनी म्हैस होती,” वार्दो म्हणाली.

“काय?”

“आजीची म्हैस. निघायच्या दिवशी चरायला गेलेली, आलीच नाही. गाडी थांबेना. आजीनं जाताना गोठ्याचं दार उघडं ठेवलं.”

ओमारीनं कपाळावर हात मारला. “झालं! म्हशीनं संग्रहालय खाल्लं. आता अख्खी पंचक्रोशी मला म्हशीचा सरपंच म्हणेल!”

“तुझ्यापेक्षा गुणी होती ती,” वार्दो म्हणाली.

कुंपणाशी जमलेल्या बाया खो खो हसल्या. तमाझ मात्र हसले नाहीत. त्यांनी सहीचा कागद घडी करून खिशात टाकला, वहीचं नवं पान काढलं आणि खाली बसले.

“दिसायला कशी होती?”

असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. वार्दो हात पुसत बाकावर टेकली. “काळीभोर. कपाळावर पांढरा टिळा. दूध इतकं दाट, की आजी म्हणायची, पळी उभी राहते. आणि एक कान फाटलेला...”

“कोणता?”

आजीनं सांगितलं होतं. नक्की सांगितलं होतं. उजवा? वार्दोनं डोळे मिटून अंगाई पहिल्यापासून म्हणून पाहिली. गाण्यात कान नव्हता.

“लिहा, डावा,” ती शेवटी म्हणाली. “नाही, थांबा. लिहू नका.”

चुलीवरचा रस तळाला लागायला लागला होता. कुणीतरी ओरडलं, पण ती उठली नाही.