निळी पडलेली गायिका

कापूसवाली आमच्या संग्रहालयात आली ती झाडलोट करायला. जुन्या कारागिराचे हात थरथरायला लागले, तशी ती त्याच्या शेजारी बसून मेलेल्या पक्ष्यांचं कातडं सोलायला, आत कापूस भरायला आणि पोट शिवायला शिकली. पुढे बावीस वर्षं तेच केलं. हातांना वास येतो म्हणून नवऱ्याने पहिल्याच वर्षी घर सोडलं. तिने साबण बदलला, काम बदललं नाही.

आमच्या संचालकांच्या हातांना मात्र जन्मात कसला वास आला नाही. पक्षी त्यांनी बघितले ते कपाटातले, नाहीतर चहा पिता पिता खिडकीतून दिसलेले. त्याच खिडकीतून एकदा त्यांना मातकट पाखरं गाताना दिसली. या जातीचा नर गडद निळा, मादी मातकट; आणि गातो तो फक्त नर, असं पुस्तकं सांगतात. म्हणजे इथे मादी गाते! साऱ्या जगाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट साहेबांना चहा निवायच्या आत कळली.

काचेवर आपटून मेलेली तसली सात पाखरं कापूसवालीकडे होती. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधून तिने ‘नर’ असं लिहिलं होतं. साहेबांनी सातही चिठ्ठ्यांवर काट मारून ‘मादी’ लिहिलं. खाली झोकदार सही.

"साहेब, नरच आहेत हे," ती म्हणाली. "कोवळे आहेत. पहिलं वर्ष आईसारखेच दिसतात."

"बाई, तुम्हाला रंग दिसत नाही का?"

"मी पोट उघडून बघितलंय. नराला कण्याजवळ दोन दाणे असतात. मादीला एकाच बाजूला अंड्यांचा घोस."

"चारचौघांत काय बोलावं याचा काही पोच?"

आम्ही कारकून मंडळी खो खो हसलो. साहेबांच्या विनोदाला हसण्यात आमचा हात कुणी धरला नसता.

मग दालन सजलं, ‘गाणारी मादी’ अशी पाटी लागली, साहेबांचा लेख छापून आला. त्यातच एक मातकट पाखरू पंख मोडून अंगणात पडलं. जिवंत होतं, वर गातही होतं. साहेबांनी फोटोवाल्याला बोलावून स्वतःच्या हाताने त्याच्या पायात क्रमांकाचं कडं घातलं, ‘गायिका’ असं बारसं केलं आणि पिंजरा कापूसवालीच्या खोलीत पाठवून दिला. किडे-अळ्या वेचणं साहेबांच्या हुद्द्यात बसत नव्हतं.

काही महिन्यांनी गायिकेची पिसं गळू लागली. कापूसवाली दोनदा सांगायला गेली, "साहेब, एकदा बघून जा."

"गळलेली पिसं काय बघायची? झाडून घ्या."

तिने झाडून घेतलं. दीड महिन्याने विश्वस्त मंडळ आलं आणि साहेब सगळ्यांना मोठ्या ऐटीत गायिका दाखवायला घेऊन गेले. पिंजऱ्यात शाईसारखा निळाशार पक्षी बसला होता.

"ही निळी कशी हो?" सर्वांत म्हाताऱ्या विश्वस्तांनी विचारलं.

साहेबांचा चेहरा पडला. "बाईंनी पक्षी बदलला! मला खोटं पाडायला!"

कापूसवालीने पिंजऱ्यात हात घातला, पक्षी अलगद मुठीत धरला आणि त्याचा पाय पुढे केला. म्हातारबुवांनी चष्मा कपाळावर सरकवून कड्यावरचा क्रमांक वाचला. वर्तमानपत्रात बारशाच्या फोटोखाली छापलेला तोच होता.

एखादा लाजेने चूर झाला असता. साहेबांनी घसा खाकरला. "हेच तर मला सिद्ध करायचं होतं! तरुण नर मादीच्या रंगात वावरतो. प्रयोग यशस्वी झाला."

आणि विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या! वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे लिहायला लाज वाटते. वाजवताना नव्हती वाटली.

साहेबांचा दुसरा लेख आला. सातही चिठ्ठ्यांवर कापूसवालीने पुन्हा आपल्या अक्षरात ‘नर’ लिहिलं. त्याबद्दल साहेबांनी तिला ‘फार हट्टी’ ठरवलं.

महिन्याभरात साहेबांचा सत्कार ठरला. कापूसवालीला पिंजरा घेऊन मंचावर, फुलदाणीच्या मागे बसवलं. साहेब निरीक्षणाच्या महत्त्वावर बोलू लागले. पाऊण तास झाला तरी थांबेनात. ते ‘माझी ही दृष्टी’ या शब्दांपाशी आले, तेव्हा कापूसवाली उठली आणि पिंजरा उचलून चालू लागली.

"अहो बाई, कुठे निघालात?" साहेब माइकवरूनच ओरडले.

"याच्या अंघोळीची वेळ झाली," ती म्हणाली, आणि मधल्या वाटेने सरळ निघून गेली.

मागच्या रांगांतले लोक माना वळवून पक्षी बघत राहिले. साहेब पुढे बोलतच होते.